बॉलस्क्रूचा बॅकलॅश: नट उघडण्याआधी डायल लावा

घरी बांधलेल्या सीएनसी मिलवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, ५० मिलिमीटर व्यासाचं भोक एंडमिल (उभा कटर) गोल फिरवून काढा आणि आतून नख फिरवून बघा. नख सगळीकडे सुळकन सरकतं, पण चार ठिकाणी अडखळतं. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणली तर बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी. डोळ्याला काही दिसत नाही, नखाला मात्र बारीक पायरी लागते. त्या भोकात बेअरिंग बसवायचं असेल तर एवढीशी पायरीसुद्धा जॉब वाया घालवायला पुरते.

नेमकं याच चार जागी का? कारण गोल फिरताना तीन आणि नऊच्या जागी एक्स ॲक्सिस थांबून उलटा वळतो, बारा आणि सहाच्या जागी वाय. मोटर बॉलस्क्रू, म्हणजे छर्र्यांवर चालणारा स्क्रू, फिरवते आणि त्यावरचा नट टेबल सरकवतो. दिशा बदलताना मोटर उलटी फिरायला लागते, स्क्रूही फिरतो, पण टेबल लगेच हलत नाही. आधी मधली ढिलाई भरून निघते, मग टेबल निघतं. हा जो फेर फुकट जातो त्याला बॅकलॅश म्हणतात. जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बसलेल्यांनी तो पाहिलेला असतो: ड्रायव्हर स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहतो आणि गाडी सरळच जाते. ही तुलना वरवरची नाही. बऱ्याच ट्रकांच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये हीच रचना असते: स्क्रू, त्यावर नट आणि दोघांच्या मध्ये फिरणारे छर्रे.

बॅकलॅशने फक्त माप चुकतं असं नाही. कटरचा दात ज्या दिशेला ओढतो त्याच दिशेला टेबल सरकत असेल, म्हणजे क्लाइम्ब कट असेल, तर दात जॉबला धरून टेबल स्वतःकडे खेचतो. स्क्रूमध्ये ढिलाई असली की टेबल तेवढी उडी मारतं, दात ठरल्यापेक्षा जाड चिप घेतो आणि ६ मिलिमीटरची कार्बाइड एंडमिल टक्कन तुटते. हाताने चालणाऱ्या जुन्या मिलिंग मशीनवर उलट्या दिशेचा, कन्व्हेन्शनल कट घ्यायला शिकवत ते याच कारणाने. तिथे साधा चौकोनी किंवा ट्रॅपेझॉइडल आट्यांचा स्क्रू असे आणि ढिलाई गृहीतच धरलेली असे. सीएनसीवर क्लाइम्ब कट घ्यायचा, फिनिश चांगलं मिळवायचं, तर ही ढिलाई आधी घालवावी लागते.

आता नटाच्या आत बघू. घरगुती मशीनवर सर्रास दिसणारा स्क्रू म्हणजे एसएफयू १६०५. १६ म्हणजे व्यास, ०५ म्हणजे एका फेऱ्यात ५ मिलिमीटर चाल. नटात ३.१७५ मिलिमीटरचे छर्रे असतात, आपल्या सुतारी मापात बरोबर एक सूत. हे छर्रे स्क्रू आणि नटाच्या खोबणीतून पळतात, एक वेढा पूर्ण झाला की आतल्या वळणावरून उचलले जाऊन पुन्हा सुरुवातीला येतात. खोबणीचा छेद अर्धगोल नसतो. दोन कमानी वर टोकाला मिळाव्यात तसा तो असतो, मुंबईत सीएसएमटीच्या इमारतीवर दिसतात तशा टोकदार कमानीसारखा, आणि त्याचं नावही तेच आहे: गॉथिक आर्च. त्यामुळे छर्रा खोबणीच्या तळाला टेकत नाही, दोन्ही उतारांवर साधारण ४५ अंशांत टेकतो.

स्वस्तातले स्क्रू बहुतेक रोल्ड असतात. म्हणजे खोबण घासून काढलेली नसते, दोन डायमध्ये दाबून पोळीसारखी लाटलेली असते. नटात छर्रे सहज फिरावेत म्हणून थोडी जागा सोडलेली असते. ही जागा म्हणजेच नटाचा स्वतःचा प्ले. असा नवा नट दोन ते पाच शतांश मिलिमीटर हलला तर त्यात दोष काही नाही, तो तसाच बनवलेला असतो.

ही ढिलाई काढायचा मार्ग आपल्या सगळ्यांच्या हाताखालून गेलेला आहे. सायकलचं चाक डगमगायला लागलं की आपण एक्सलवरचा कोन थोडा आवळतो. डगमग थांबेपर्यंत आवळला तर चाक सुरेख फिरतं. त्याहून पाव फेरा जास्त आवळला की चाक जड होतं, आणि तसंच चालवलं तर छर्रे आणि कप दोन्ही खराब होतात. बॉलस्क्रूत या आवळण्याला प्रीलोड म्हणतात: छर्रे दोन्ही बाजूंनी आधीच थोडे दाबून ठेवायचे, म्हणजे दिशा बदलली तरी कुठे मोकळी जागा उरत नाही. सायकलीत जे हाताला कळतं ते इथे मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजारांश भागात, मोजावं लागतं, एवढाच फरक.

पण इथे एक मोठी अडचण आहे आणि हा लेख मी मुख्यतः तिच्यासाठी लिहितो आहे. बॅकलॅश दिसला की सगळे नटावर तुटून पडतात. मीही तेच केलं होतं. माझ्या मिलच्या एक्सला ०.०९ मिलिमीटर बॅकलॅश होता. मी नट उघडला, जरा मोठ्या मापाचे छर्रे मागवले, दोन रविवार खर्च करून ते भरले. डायल गेज (काट्याचं बारीक मापयंत्र) लावून पुन्हा मोजलं तर ०.०६. टूलरूममधून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक काका आले होते, त्यांनी विचारलं, “डायल कुठं लावला होतास?”

“टेबलाला, काका.”

“आता स्क्रूच्या टोकाला लाव.”

लावला. टेबल हाताने पुढे-मागे ढकललं आणि स्क्रू स्वतःच अख्खा ०.०५ मिलिमीटर पुढे-मागे सरकत होता. निम्म्याहून जास्त बॅकलॅश नटात नव्हताच, तो शेवटच्या बेअरिंगमध्ये होता.

टेबलापासून मोटरपर्यंत एक साखळी असते. टेबलाला धरलेलं नटाचं घर, घरात बोल्टने बसवलेला नट, नटातले छर्रे, स्क्रू, स्क्रूला जागेवर धरणारं बेअरिंग, बेअरिंगचा ब्लॉक, स्क्रू आणि मोटर जोडणारं कपलिंग, मोटर. टेबलावरचा डायल या सगळ्यांची बेरीज दाखवतो. नेमकी कोणती कडी ढिली आहे हे त्यातून कधीच कळत नाही. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी मोजमाप.

मोजायला ०.०१ मिलिमीटरचा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड पुरतो. लिव्हर डायल, ज्याला वर्कशॉपात सगळे पपी म्हणतात, तो असेल तर अडचणीच्या जागी उपयोगी पडतो. पहिलं माप असं: डायलचा बेस मशीनच्या बैठकीवर, टोक टेबलावर. टेबल एका दिशेने १ मिलिमीटर चालवा म्हणजे त्या दिशेची ढिलाई भरून निघेल, मग डायल शून्यावर आणा. त्याच दिशेने आणखी १ मिलिमीटर जा, आणि मग १ मिलिमीटर परत या. डायल शून्यावर यायला हवा. जेवढा कमी परत आला तेवढी एकूण हरवलेली चाल. हे डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला, प्रत्येक ठिकाणी चार-पाच वेळा करा. आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर बॅकलॅशच्या आधी डायलचा स्टँडच हलत नाही ना, हे बघा.

दुसरं माप मला सगळ्यात मोलाचं वाटतं. स्क्रूच्या मोकळ्या टोकाला लेथवर काढलेलं सेंटरचं भोक असतं. त्यात ग्रीसचा ठिपका लावून एक छोटा छर्रा चिकटवा आणि डायलचं सपाट टोक त्या छर्र्यावर टेकवा. छर्रा कशासाठी? स्क्रूचं टोक कधीच अगदी काटकोनात नसतं, स्क्रू फिरला की डायल उगाच नाचतो. छर्र्यावर टेकवला की तो फक्त पुढे-मागे होणारी हालचाल दाखवतो. आता मोटरला करंट देऊन स्क्रू धरून ठेवा आणि टेबल दोन्ही हातांनी पुढे ढकला, मग मागे ओढा. दहा-पंधरा किलो जोर पुरे. या छर्र्यावर जी हालचाल दिसेल ती बेअरिंग आणि ब्लॉकची. तोच जोर लावून टेबलावर दिसेल ती एकूण. दोन्हींची वजाबाकी नट आणि त्याच्या घराकडे जाते. तिसरा डायल नटाच्या फ्लँजवर (बोल्टची भोकं असलेल्या कडेवर), बेस टेबलावर: इथे काटा हलला तर नटाच्या घराचे बोल्ट किंवा घर स्वतः वाकतं आहे. तीन मापांत साखळी उलगडते.

बेअरिंगकडे आधी वळू, कारण घरगुती मशीनवर चोर बहुतेक वेळा तिथेच सापडतो. १६०५ स्क्रूसाठी एका बाजूला बीके १२ आणि दुसऱ्या बाजूला बीएफ १२ ब्लॉक वापरतात. बीके धरून ठेवतो, बीएफ फक्त आधार देतो. बीएफच्या बाजूने स्क्रू लांबीत मोकळाच राहायला हवा, कारण स्क्रू तापून वाढतो. ६०० मिलिमीटरचा पोलादी स्क्रू १० अंशांनी तापला तर साधारण ०.०७ मिलिमीटर लांब होतो. म्हणजे पुढे-मागे धरण्याचं सगळं काम एकट्या बीकेचं. त्यात अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी लागते. एक पुढचा जोर घेतं, दुसरं मागचा. मात्र काही स्वस्त ब्लॉकमध्ये साधी डीप ग्रूव्ह बेअरिंग भरलेली आढळतात. त्यांच्यात आडव्या दिशेला काही मायक्रॉन मोकळीक असते आणि लांबीच्या दिशेला ती कित्येक पट होऊन बाहेर येते. कधी बेअरिंग बरोबर असतात, पण दोन्ही एकाच दिशेला तोंड करून बसवलेली असतात. मग एका दिशेला स्क्रू घट्ट, दुसऱ्या दिशेला मोकळा.

ब्लॉक उघडल्यावर आणखी एक गोष्ट बारकाईने बघा. पुढचं कव्हर बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला दाबून धरतं. कव्हर पूर्ण आवळल्यावर कव्हर आणि ब्लॉकमध्ये केसभर फट दिसायला हवी. फट नसेल तर कव्हर ब्लॉकला टेकून थांबलं, बेअरिंगपर्यंत पोचलंच नाही, आणि अख्खं बेअरिंग घरात पुढे-मागे सरकतं. उपाय सोपा आहे. डेप्थ गेजने कव्हरचा ओठ आणि बेअरिंगची खोली मोजा आणि कमी पडेल तेवढ्या जाडीची शिमची, म्हणजे पातळ पत्र्याची, रिंग कापून आत घाला. तपासणीपुरता कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा चालतो, तो साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. कायमची रिंग मात्र स्टीलच्या शिमची करा, ॲल्युमिनियम दबत जातं. कव्हरचे चारही स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा.

जोडी स्वतःच मोकळी असेल तर शिम बेअरिंगच्या मध्ये जाते. कोणत्या रिंगांच्या मध्ये, इथे बरेच जण चुकतात. बेअरिंग पाठीला पाठ लावून बसवली असतील तर पातळ शिम बाहेरच्या रिंगांच्या मध्ये घालायची आणि स्क्रूच्या टोकावरच्या लॉकनटने आतल्या रिंगा आवळायच्या. समोरासमोर तोंड करून बसवली असतील तर शिम आतल्या रिंगांच्या मध्ये आणि दाब कव्हरने. उलट केलंत तर जितकं आवळाल तितकं ढिलं होईल. आवळताना स्क्रू बोटांनी फिरवत राहा. फिरणं एकसारखं जरा जड लागायला हवं, खरखर किंवा अडकणं नको. लॉकनट जागी धरणारा छोटा ग्रब स्क्रू शेवटी आवळायचा, आणि त्याच्या टोकाखाली तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा ठेवायचा म्हणजे स्क्रूच्या आट्या चिरडत नाहीत. माझ्या मशीनवर एवढ्यानेच ०.०५ चे ०.०१ झाले, तेही एका संध्याकाळी.

स्क्रूच्या टोकांचं लेथकाम बाहेरून करून घेणार असाल, कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा आणखी कुठे, तर टर्नरला दोन गोष्टी आवर्जून सांगा. वरचा थर हार्ड केलेला असतो, त्यामुळे कार्बाइड इन्सर्टशिवाय तो घेत नाही. आणि बेअरिंग ज्या खांद्याला टेकतं तो खांदा काटकोनात हवा. खांदा तिरका झाला तर लॉकनट आवळताच स्क्रू वाकतो आणि दर ५ मिलिमीटरला एकदा घट्ट, एकदा ढिला असा लागतो. डायलवर असा ताल दिसला तर नटाला दोष देऊ नका.

नटाच्या घराबद्दल थोडक्यात. घर थ्रीडी प्रिंट केलेल्या प्लॅस्टिकचं असेल तर ते बदला, त्यावर बाकी कसलाही उपाय चालत नाही. ॲल्युमिनियमचं असेल तर बोल्ट आवळलेले आणि बैठक सपाट आहे का ते बघा. टेबल ज्यावर सरकतं त्या रेलच्या ओळीत घर आणण्याची रीत अशी: बोल्ट ढिले ठेवून टेबल बीके ब्लॉकच्या जवळ न्यायचं, तिथे नट आपली जागा शोधतो, मग बोल्ट आवळायचे. नंतर टेबल दुसऱ्या टोकाला नेऊन बीएफचे बोल्ट ढिले करून आवळायचे. स्क्रू दोन्ही टोकांना जड आणि मध्ये हलका लागत असेल तर उंचीत फरक आहे, शिम घाला. अशा वेळी जडपणा घालवायला नट ढिला करणारे खूप जण पाहिले आहेत. जडपणा जातो, बॅकलॅश कायमचा घर करून बसतो.

कपलिंग आणि मोटरकडे बघताना एक हिशोब डोक्यात ठेवा. ५ मिलिमीटर चालीच्या स्क्रूवर १ अंश म्हणजे ०.०१४ मिलिमीटर. मध्ये रबरी तुकडा (स्पायडर) असलेलं कपलिंग दिशा बदलताना २ अंश पिळलं तर जवळपास ०.०३ मिलिमीटर तिथेच गेले. कपलिंगचा ग्रब स्क्रू गोल शाफ्टवर घसरत असेल तर दोन मार्करच्या रेघा मारून ठेवा, एक शाफ्टवर, एक कपलिंगवर. अर्ध्या तासाच्या कामानंतर रेघा जुळत नसतील तर उत्तर मिळालं. पट्ट्याने आवळणारं, क्लॅम्प प्रकारचं कपलिंग घ्या. स्टेपर मोटरचा एक पूर्ण स्टेप १.८ अंशांचा, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. मायक्रोस्टेपिंग, म्हणजे एका स्टेपचे तुकडे पाडणं, कितीही बारीक ठेवलं तरी भार आला की मोटरचा रोटर स्टेपच्या काही हिश्श्याइतका मागे राहतो. हा बॅकलॅश नाही, पण डायलला तो तसाच दिसतो.

एवढं सगळं करूनही टेबल आणि स्क्रूच्या टोकाच्या मापात फरक उरला, तर आता नटाची पाळी.

पहिला मार्ग मोठे छर्रे भरण्याचा. इथे भूमितीची एक छान गंमत आहे. संपर्क ४५ अंशांत असल्यामुळे छर्र्याचा व्यास जेवढा वाढवाल त्याच्या सुमारे २.८ पट लांबीचा प्ले कमी होतो. म्हणजे ०.०२८ मिलिमीटर प्ले काढायला छर्रा फक्त ०.०१० मिलिमीटर मोठा लागतो: ३.१७५ च्या जागी ३.१८५. यावरून कळतं की अंदाजाने मोठा छर्रा घेणं किती धोक्याचं आहे. दहा मायक्रॉनची चूक म्हणजे नट एकतर जाम किंवा पुन्हा ढिला. म्हणून जुने दहा-बारा छर्रे ०.००१ मिलिमीटरच्या मायक्रोमीटरने मोजा, सरासरी काढा आणि हिशोबाने निघालेल्या मापापेक्षा किंचित कमीच घेऊन सुरुवात करा. नवे छर्रे एकाच लॉटचे, ग्रेड २५ किंवा त्याहून चांगले. ग्रेडचा आकडा गोलाईतली चूक इंचाच्या दशलक्षांश भागांत सांगतो, ग्रेड २५ म्हणजे साधारण ०.६ मायक्रॉन.

नट स्क्रूवरून नुसता काढू नका, छर्रे घरभर पळतात. स्क्रूच्या खोबणीच्या तळाच्या व्यासापेक्षा किंचित बारीक नळी स्क्रूच्या टोकाला टेकवून नट तिच्यावर सरकवायचा. खाली परातीत जाड फडकं पसरा म्हणजे पडलेला छर्रा उड्या मारत नाही. नळी हळूहळू काढा आणि प्रत्येक वेढ्याचे छर्रे वेगळ्या वाटीत घ्या, मोजून, आकडा लिहून. १६०५ मध्ये एका वेढ्यात सोळाच्या आसपास छर्रे बसतात, पण तुमच्या नटातली मोजणी तीच खरी. लोहचुंबकाने उचलायचा मोह होतो, तो टाळा. चुंबकत्व आलेला छर्रा पुढे लोखंडाची बारीक धूळ ओढत राहतो. नट आणि स्क्रू डिझेलने किंवा व्हाइट स्पिरिटने स्वच्छ धुवा, कोरडे करा, खोबणीत ग्रीसचा पातळ थर द्या आणि चिमट्याने एकेक छर्रा बसवा. प्रत्येक वेढ्यात एका छर्र्यापेक्षा जरा कमी जागा मोकळी राहिली पाहिजे. गच्च भरलेला वेढा वळणावर अडतो.

प्रीलोड दिलेल्या नटात छर्रे चार ठिकाणी टेकतात आणि शेजारचे दोन छर्रे एकमेकांना उलट्या दिशेने घासतात. नट जड, दाणेदार लागला तर एक सोडून एक छर्रा काही शतांशांनी लहान वापरतात. लहान छर्रे भार घेत नाहीत, फक्त मध्ये उभे राहतात, आणि फिरणं मऊ होतं. त्याच्या बदल्यात नटाची भार घ्यायची ताकद घटते. हलक्या मिलसाठी हा सौदा मला पटतो.

रोल्ड स्क्रूचा व्यास पूर्ण लांबीत अगदी एकसारखा नसतो, हेही लक्षात असू द्या. छर्रे सगळ्यात घट्ट जागेच्या मापाने निवडावे लागतात. आणि जुना स्क्रू मध्ये झिजलेला असेल, टोकांना घट्ट आणि मध्ये ढिला, तर कुठल्याच मापाचा छर्रा दोन्हीकडे बसणार नाही. तो स्क्रू बदलायचाच.

दुसरा मार्ग दोन नटांचा, आणि घरी काम करणाऱ्याला मी हाच सुचवेन, कारण तो पुढे कधीही पुन्हा आवळता येतो. एकाच स्क्रूवर दोन नट बसवायचे आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलायचं. एक खोबणीच्या पुढच्या उताराला टेकतो, दुसरा मागच्या. मध्ये स्टीलची शिम घालून ढकलता येतं किंवा एक नट दुसऱ्याच्या तुलनेत थोडा फिरवून. वरचाच हिशोब इथे कामी येतो: १ अंश म्हणजे ०.०१४ मिलिमीटर, तर ०.०३ मिलिमीटर प्ले दोन अंशांच्या थोडं पुढे फिरवल्यावर संपतो. दुसऱ्या नटाच्या फ्लँजची भोकं लांबट करून घेतली की एवढं फिरवायला जागा मिळते. मात्र नटाची लांबी जवळजवळ दुप्पट होते, टेबलाची चाल तेवढी कमी होते, म्हणून हा निर्णय मशीन आखतानाच घ्यावा.

शिमऐवजी डिस्क स्प्रिंग घालणारेही असतात. स्प्रिंग झीज आपोआप भरून काढते, स्क्रूच्या व्यासातला फरकही सहन करते. पण एका दिशेचा कटिंगचा जोर स्प्रिंगवर येतो. तो स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की टेबल मागे सरकतं आणि बॅकलॅश ऐन कापताना उघडा पडतो. लाकडाच्या राउटरला स्प्रिंग चालेल. ॲल्युमिनियम कापायच्या मिलला शिम.

प्रीलोड किती द्यायचा? छर्रा आणि खोबण दाबली गेली की त्यांचा दबण्याचा स्वभाव सरळ रेषेत नसतो. त्यातून हिशोब असा निघतो की बाहेरचा जोर प्रीलोडच्या सुमारे २.८ पट होईपर्यंत दुसऱ्या बाजूचे छर्रे सुटत नाहीत. म्हणून जास्तीत जास्त कटिंगच्या जोराचा एक तृतीयांश प्रीलोड पुरतो. समजा तुमच्या मिलवर सगळ्यात जड कट ३० किलोचा जोर देतो, तर १० किलो प्रीलोड. याहून जास्त दिला तर टेबल घट्ट वाटतं, पण नट तापतो, स्टेपर दमतो आणि खोबण लवकर झिजते. हाताने अंदाज घ्यायचा तर स्वच्छ स्क्रू उभा धरा. प्रीलोड नसलेला नट बऱ्याचदा आपल्या वजनाने गरगरत खाली येतो. प्रीलोड असलेला जागीच राहतो, पण दोन बोटांनी सगळ्या लांबीत सारखाच फिरतो.

सॉफ्टवेअरने बॅकलॅश भरून काढायची सोय लिनक्ससीएनसी आणि माक ३ या मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे, मूळ जीआरबीएलमध्ये नाही. दिशा बदलली की कंट्रोलर तेवढे जास्त स्टेप देतो. भोकं पाडायला याचा खरंच उपयोग होतो. पण कापताना कटर टेबलाला त्या मोकळ्या जागेत पुढे-मागे ढकलतच राहतो, ते सॉफ्टवेअरला कळत नाही. डवटेलच्या, म्हणजे धातूवर धातू घासत सरकणाऱ्या, स्लाइडमध्ये घर्षण जास्त असल्याने टेबल निदान जागच्या जागी राहतं. लिनियर रेलवरचं टेबल मात्र बोटाने ढकललं तरी सरकतं. आधी यंत्रातली ढिलाई काढा, उरलेला एखादा शतांश सॉफ्टवेअरकडे द्या.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. ३०० मिलिमीटर चालवल्यावर माप ०.०४ ने चुकलं की लोक बॅकलॅश वाढला म्हणतात. तो बॅकलॅश नव्हे, चालीतली चूक. सी ७ या अचूकतेच्या ग्रेडच्या स्क्रूला ३०० मिलिमीटरमध्ये ०.०५ मिलिमीटरपर्यंत चूक चालते. एकाच दिशेने जाताना साठत जाते ती चालीची चूक, दिशा बदलताच दिसतो तो बॅकलॅश. पहिलीवर नट आवळून काही होत नाही.

सगळं बसवल्यावर मशीन कट न घेता दोन-तीन तास पूर्ण लांबीत पुढे-मागे चालवा, ग्रीस पुन्हा भरा आणि तीनही मापं नव्याने घ्या. सुरुवातीच्या वीस-एक तासांत प्रीलोड थोडा बसतो, तेव्हा एकदा परत मोजा. मी हे आकडे कंट्रोल बॉक्सच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो: तारीख, टेबलावर एक्स ०.०१५, स्क्रूच्या टोकाला ०.०१०. दर दोन-तीन महिन्यांनी त्याखाली नवी ओळ येते. टोकाचा आकडा वाढलेला दिसला तर लॉकनट आणि कव्हर बघायचं. टोकाचा तसाच राहून टेबलाचा वाढला, तर नटाचे बोल्ट, आणि ते घट्ट असतील तर दोन नटांमधली शिम.